वॅफल सोलचे प्रकरण: स्केटबोर्डच्या बुटात आधी काय संपते, आराम की रबर?

स्केटबोर्डसाठी बूट निवडताना दोन प्रश्न नेहमी एकत्र विचारले जातात: पायाला आराम किती मिळेल आणि तळ किती टिकेल. मिळणारी उत्तरे बहुधा एका ठरावीक चौकटीत बसतात. पातळ, लवचिक व्हल्कनाइज्ड (बुटासकट भट्टीत शिजवलेल्या रबराच्या) तळात पायाला बोर्ड नीट जाणवतो, पण तो लवकर झिजतो आणि टाच दुखवतो. जाड कपसोल (साच्यात आधीच तयार केलेला वाटीसारखा तळ) टिकतो आणि धक्का झेलतो, पण बोर्डाची जाण बोथट करतो. हे विधान चुकीचे म्हणता येणार नाही, तरी ते अपुरे आहे. त्यात आराम हा बुटाचा कायमचा गुण धरला जातो आणि टिकाऊपणा मात्र काळाच्या हिशेबाने मोजला जातो. प्रत्यक्षात आरामालाही आयुष्य असते, ते रबराच्या आयुष्याहून पुष्कळदा कमी असते, आणि ते संपलेले डोळ्यांना दिसत नाही.

हा मुद्दा तपासण्यासाठी येथे व्हॅन्स या बूट कंपनीचा वॅफल सोल, म्हणजे वॅफल या चौकटीदार खाद्यपदार्थासारखी नक्षी असलेला रबरी तळ, हे एकच प्रकरण घेतले आहे. हा तळ मुळात स्केटबोर्डसाठी घडवलेला नव्हता. स्केटरांनी तो स्वतःहून उचलला, आणि पुढील दशकांत त्याच्याभोवतीचा बूट बदलत गेला तरी तळाची मूळ कल्पना जवळपास तशीच राहिली. एक घटक स्थिर आणि बाकीचे बदलते असल्यामुळे आरामाचे श्रेय कशाचे व टिकाऊपणाचे श्रेय कशाचे, हे येथे बरेचसे वेगळे करून पाहता येते.

तळ कसा घडत गेला

व्हॅन्सचे एक संस्थापक पॉल व्हॅन डोरेन यांनी रबरी तळाच्या बुटांचे काम शिकून घेतले ते मॅसॅच्युसेट्समधील रँडॉल्फ रबर कंपनीत. याच कंपनीने १९६५ च्या सुमारास ‘रँडी ७२०’ नावाचा बूट खास स्केटबोर्डसाठी म्हणून बाजारात आणला होता. त्याच्या जाहिरातीचा सगळा भर तळाच्या रबरावर होता, म्हणजे बोर्डावर आधी झिजतो तो तळ हे उत्पादकांना तेव्हाच कळलेले होते. १६ मार्च १९६६ रोजी व्हॅन डोरेन बंधूंनी भागीदारांसह कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे स्वतःचा कारखाना आणि त्याला लागूनच दुकान उघडले. बूट तेथेच तयार होत आणि तेथेच विकले जात. नेहमीच्या कॅनव्हास बुटांपेक्षा आपला तळ जाड असावा हा व्हॅन डोरेन यांचा आग्रह होता आणि विक्रीतही तीच गोष्ट पुढे केली जात असे.

सुरुवातीच्या तळावर केवळ चौकटींची, हिऱ्याच्या आकाराची नक्षी होती. चालताना पाय जेथे दुमडतो त्या चवड्याखालच्या भागात हा तळ तडकू लागला. त्यावरचा उपाय रबर बदलून शोधलेला नव्हता. चवड्याखालच्या नक्षीत उभ्या रेघांची भर घालण्यात आली. या रेघांनी रबराला तेथे जादा आधार मिळाला आणि वाकण्याचा ताण एकाच खाचेत साठणे थांबले. वॅफलसारखी दिसणारी ओळखीची नक्षी अशी तयार झाली. टिकाऊपणा केवळ रबराच्या कठीणपणात नसतो, ताण कोठे आणि किती जागेत पसरतो यातही असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९७० च्या दशकात युरेथेनची चाके आली आणि स्केटबोर्ड खडबडीत डांबरावरही वेगाने धावू लागला. सांता मोनिका आणि व्हेनिस भागातील मुले रिकाम्या पोहण्याच्या तलावांच्या उतारांवर चढउतार करू लागली. त्यांना बोर्डाला घट्ट धरून राहणारा तळ हवा होता आणि वॅफल सोलचे चिकट रबर व सपाट, रुंद ठसा नेमके तेच देत होते. वेग कमी करण्यासाठी ही मुले एक पाय रस्त्यावर घासत. त्यामुळे एका पायाचा बूट झिजून जाई आणि दुसरा जवळपास नवा राही. व्हॅन्सच्या दुकानांतून तेव्हा स्केटरांना एकेरी बूटही विकत मिळत असे. कारखाना हाताशी असल्यामुळे हे शक्य झाले, परंतु या प्रकरणासाठी त्यातली महत्त्वाची नोंद वेगळी आहे: एकाच जोडीतील दोन तळांचे आयुष्य सारखे नव्हते. ‘हा तळ किती महिने टिकतो’ या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्याने कोणत्या पायाचा तळ, हे विचारलेलेच नसते.

नंतरचे बदल पाहण्यासारखे आहेत. १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा यांच्या सूचनांवरून घडलेल्या ‘एरा’ या बुटात घोट्याभोवतीच्या कडेला मऊ भरण आले. १९७७ च्या ‘ओल्ड स्कूल’मध्ये चवडा व टाच यांवर चामड्याचे तुकडे आले. १९७८ च्या ‘स्केट-हाय’ने घोटा झाकला. तिन्ही सुधारणा स्केटरांच्या गरजांतून आल्या आणि तिन्ही बुटाच्या वरच्या भागात झाल्या. आराम वाढवायचा तर भरण, टिकाऊपणा वाढवायचा तर चामडे. तळ मात्र तोच.

तळ तसाच का राहिला

त्याचे कारण घडणीत आहे. व्हल्कनाइज्ड बुटात आधी वरचा भाग फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) ताणून बसवतात. मग कच्चे किंवा अर्धवट शिजलेले रबर तळाशी लावतात आणि तळ व वरचा भाग यांच्या जोडावर सभोवार रबराची पट्टी गुंडाळतात. नंतर फर्म्यासकट आख्खा बूट बंद भट्टीत, दाबाखाली, १०० अंश सेल्सिअसहून बऱ्याच वरच्या तापमानात ठेवतात. या उष्णतेत गंधकाच्या साहाय्याने रबराच्या लांब रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात आणि चिकट, नरम रबर लवचिक व टिकाऊ होते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेली हीच क्रिया. तळ, पट्टी आणि कापड यांचा सांधा या भट्टीतच पक्का होतो, म्हणून तळ पातळ ठेवूनही तो धरून राहतो आणि बूट पहिल्या दिवसापासून सहज वाकतो.

पण बुटांच्या तळात धक्का झेलण्यासाठी वापरला जाणारा सामान्य ईव्हीए फोम एवढी उष्णता सोसू शकत नाही; तो मऊ पडतो आणि त्याचा आकार बिघडतो. म्हणून व्हल्कनाइज्ड तळाच्या पोटात जाड फोम घालून तो भट्टीत पाठवणे अवघड जाते. आरामाची तजवीज भट्टीनंतर, आतल्या गादीच्या रूपाने करावी लागते. अशा बुटात आराम आणि तळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत ही गोष्ट वापरणाऱ्याच्या क्वचितच लक्षात येते.

कपसोलची रीत उलटी आहे. येथे रबराचा तळ कडांसकट आधीच साच्यात शिजवून तयार करतात. तो उथळ वाटीसारखा असतो. त्याच्या पोकळीत ईव्हीए किंवा पॉलियुरेथेनचा थर बसवून वर बूट चिकटवतात, आणि चांगल्या प्रतीच्या बुटात कडेने शिवणही घालतात. फोम शिजवावा लागत नसल्याने तो हवा तेवढा जाड देता येतो. कडा उंच व जाड असल्याने पायाला बाजूने आधार मिळतो आणि जोड उकलण्याची शक्यता कमी होते. मोबदल्यात बूट सुरुवातीला ताठ असतो आणि बोर्ड व तळवा यांच्यातले अंतर वाढते.

झीज कोठे होते

डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा स्केटर सहसा उजव्या पायाने ढकलतो आणि त्याच पायाने थांबतो. म्हणून उजवा तळ डांबरावर झिजतो. डाव्या बुटाची झीज निराळी असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन गेलफंड याने तलावाच्या उतारावर ऑली ही उडी रूढ केली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलेन याने ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने बोर्डाचे शेपूट जमिनीवर आपटायचे आणि पुढच्या पायाची करंगळीकडची बाजू बोर्डावरून वर घासत न्यायची, असे तिचे तंत्र आहे. बोर्डावरची ग्रिपटेप साधारण ८० ग्रिटच्या सँडपेपरइतकी खरखरीत असते (ग्रिटचा आकडा जितका लहान तितका कागद अधिक खरखरीत). रबराची झीज मोजण्याच्या आयएसओ ४६४९ या प्रमाणित चाचणीत रबराचा छोटा तुकडा १० न्यूटन दाबाने ६० ग्रिटच्या कागदावर ४० मीटर अंतर घासतात आणि किती घन मिलिमीटर रबर गेले ते पाहतात. प्रयोगशाळेतला कागद ग्रिपटेपपेक्षा थोडा अधिक खरखरीत आहे एवढाच फरक. स्केटरचा पुढचा पाय तीच चाचणी रोज स्वतःच्या वजनानिशी देत असतो.

वॅफल तळाचा, भरपूर वापरलेला उजवा बूट टाचेपासून चवड्यापर्यंत उभा कापून पाहिला तर ही सगळी हकीकत एका काप्यात दिसते. चवड्याखाली नक्षी पुसून रबर गुळगुळीत झालेले असते आणि कडेला त्याचा पातळ झालेला थर बोटाने दाबला तर आत जातो. टाचेखाली मात्र चौकटी बऱ्यापैकी शाबूत असतात. त्यामुळे बूट पालथा करून पाहणारा माणूस टाच ठीक आहे असे समजतो. आता काप्याच्या आत पाहावे. टाचेखालची गादी मधोमध दबून कागदासारखी झालेली असते, तिच्या कडा तेवढ्या मूळ जाडीच्या राहिलेल्या असतात, आणि मधल्या भागात नखाने दाबल्यास ती उसळून वर येत नाही. डाव्या बुटात करंगळीजवळची रबरी पट्टी कापडापासून सुटलेली आणि तिच्या वरचे कापड किंवा स्वेड फाटलेले दिसते. चवडा, टाच आणि कड या तीन जागा तीन वेगळ्या कारणांनी व वेगळ्या वेळी निकामी होतात.

कपसोलमध्ये क्रम बदलतो. जाड कडेमुळे करंगळीजवळचा जोड बराच काळ टिकतो, पण शिवण वरच्या बाजूला उघडी असेल तर ग्रिपटेप आधी तो दोरा खाते. चवड्याखाली रबर जास्त असल्याने ढकलण्याची झीज उशिरा दिसते. फोमचा थर मात्र येथेही दबतोच. ईव्हीए म्हणजे बंद कप्प्यांत हवा कोंडलेला फोम. पुन्हा पुन्हा दाब पडला की कप्प्यांच्या भिंती खचतात, हवा निसटते आणि जाडी परत येत नाही. तळाचे रबर अजून अर्धे शिल्लक असताना आतला फोम संपलेला असणे हे कपसोलच्या बाबतीत अधिक संभवते, कारण त्याचे रबर अधिक टिकते.

टाचेवरचा भार

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जैवयांत्रिकी अभ्यासात कसलेल्या स्केटरांना सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर ऑलीने चढायला आणि तेथून उतरायला सांगितले होते. उतरताना जमिनीकडून मिळणारा सर्वोच्च उभा दाब शरीराच्या वजनाच्या साडेचार पटींहून अधिक भरला. साठ किलोच्या मुलाच्या पायांखाली क्षणभर पावणेतीनशे किलोच्या आसपास भार येतो, तोही गुडघ्याएवढ्या उंचीवरून. पायऱ्यांवरून उडी मारताना, आणि विशेषतः बोर्ड निसटून टाचा थेट जमिनीवर आदळल्या तर, टाचेच्या हाडाखालची नैसर्गिक चरबीची गादी चेचली जाते. स्केटर याला हील ब्रूझ म्हणतात. हे दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि त्या काळात साधे चालणेही कष्टाचे होते.

१९९० च्या दशकात रस्त्यावरचे स्केटिंग पायऱ्या आणि कठड्यांकडे वळल्यावर स्केट बूट फुगत गेले, कपसोल सर्रास झाले, आणि २००१ च्या सुमारास ओसिरिसच्या ‘डी३’सारख्या जाडजूड बुटांत ही लाट टोकाला पोहोचली. मग ती ओसरली. २००९ मध्ये नाइके एसबीने, म्हणजे नाइकेच्या स्केटबोर्ड विभागाने, आणलेला स्टेफान जानोस्कीच्या नावाचा बूट पुन्हा व्हल्कनाइज्ड आणि पातळ होता, पण त्याच्या आतल्या गादीत टाचेखाली हवेची पिशवी होती. त्याआधी २००२ मध्ये याच विभागाने डंक हा जुना बास्केटबॉलचा बूट स्केटिंगसाठी तयार केला, तेव्हा कपसोल तसाच ठेवून हवेची पिशवी काढता येणाऱ्या गादीत घातली होती. व्हॅन्सने २०२१ मध्ये आपले जुने नमुने स्केटिंगसाठी नव्याने सादर केले त्यातही वॅफलची नक्षी तशीच राहिली. बाहेरच्या रबराचे मिश्रण बदलले, लवकर फाटणाऱ्या जागी कापडाखाली रबराचे अस्तर आले आणि आतली गादी अधिक उसळीची झाली. दोन वेगळ्या घडणींचे बूट करणाऱ्या कंपन्या अखेर एकाच ठिकाणी आल्या आहेत: आराम तळापासून सुटा करून गादीत ठेवायचा.

माझ्या मते हाच या प्रकरणातून निघणारा सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष आहे. व्हल्कनाइज्ड तळाला पाय दुखवणारा म्हणणे अर्धवट खरे आहे, कारण दुखते ते गादी मेल्यावर, आणि ती बदलता येते. कपसोल आरामदायक म्हणणेही अर्धवट खरे आहे, कारण त्याचा आराम आत चिकटवलेल्या थरावर अवलंबून असतो आणि तो थर बसला की बाहेरून धडधाकट दिसणारा बूट टाकून द्यावा लागतो किंवा दुखणे सोसत वापरला जातो. शिकणाऱ्याला मी व्हल्कनाइज्ड तळच सुचवीन. त्याच्या उड्या लहान असतात, आणि बोर्ड पायाखाली कोठे आहे हे कळणे ही त्याची पहिली गरज असते. जाड तळाखाली ते शिकायला विनाकारण वेळ लागतो. रोज पायऱ्यांवरून उतरणाऱ्याने आणि वजनाने भारी असणाऱ्याने कपसोल घ्यावा, पण गादी सुटी आहे याची खात्री करूनच.

आपल्याकडच्या परिस्थितीत

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंगचा प्रवेश झाला आणि २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हा प्रकार होता, त्यामुळे महाराष्ट्रातही शिकणारी मुले वाढत आहेत. त्यांतील पुष्कळांच्या पायात खास स्केटचे बूट नसतात. पीटीच्या तासाचे पांढरे कॅनव्हासचे बूट, ज्यांचा तळ अस्सल रबराचा आहे, ते घडणीने वॅफल सोलच्याच कुळातले आहेत आणि सुरुवातीला मुळीच वाईट नाहीत. मात्र स्वस्त बुटांत पुष्कळदा ओतीव पीव्हीसीचा तळ असतो. तो दिसायला तसाच, पण ग्रिपटेपवर सरकतो आणि चवड्याशी दुमडून तडकतो. वास आणि स्पर्श यांवरून फरक कळतो: रबर बोटाला किंचित धरते, पीव्हीसी घसरते.

दमट हवेचा मुद्दा विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यातील वाचकांसाठी आहे. पॉलियुरेथेनचा थर ईव्हीएपेक्षा दबायला उशीर लावतो आणि म्हणून तो टिकाऊ मानला जातो. परंतु त्याचे काही प्रकार हवेतील आर्द्रतेने आतून विघटित होतात आणि न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटाचाही थर काही वर्षांनी भुगा होऊन गळतो. सवलतीत मिळालेला जुन्या साठ्यातला कपसोल घेताना हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात गादी ओली राहिली तर ती लवकर बसते आणि चिकटवलेले जोडही सुटतात, म्हणून ती बाहेर काढून सावलीत वाळवावी. करंगळीजवळची पट्टी सुटू लागली की कोपऱ्यावरच्या चांभाराकडून लगेच सोल्यूशन लावून दाबून घ्यावी. भेग रुंदावून आत माती शिरली की तो जोड पुन्हा धरत नाही.

दुकानात बूट पाहताना आधी आतली गादी उचलून पाहावी. ती सहज निघाली तर व्हल्कनाइज्ड बुटात तिच्याखाली कडक पुठ्ठा किंवा शिवलेले कापड दिसेल. कपसोलमध्ये कडेने फिरणाऱ्या शिवणीचा दोरा आतल्या बाजूलाही दिसायला हवा. तो दिसत नसेल, तर बाहेरची शिवण बहुधा साच्यातच उमटवलेली नक्कल आहे आणि सगळा भार गोंदावर आहे. गादी पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेली असेल, तर त्या बुटाचा आराम आणि त्याचा तळ यांचे आयुष्य एकत्र बांधले गेले आहे असे समजून किमतीचा विचार करावा.

गादी बदलताना एक मर्यादा सांभाळावी लागते. वॅफल तळाच्या ठेंगण्या बुटांची टाचेकडची भिंत उथळ असते, त्यामुळे मूळ गादीपेक्षा बरीच जाड गादी घातली की टाच वर उचलली जाते आणि ऑलीच्या वेळी बूट मागून सुटतो. जुनी गादी दुकानात सोबत न्यावी, टाचेखाली तिच्या मूळ जाडीपेक्षा किंचितच जाड आणि चवड्याखाली शक्य तेवढी पातळ अशी नवी निवडावी, आणि जुनी गादी आतून काढून मगच ती बसवावी. दोन गाद्या एकावर एक ठेवल्या तर त्या एकमेकींवर सरकतात, आणि बोर्डावर पाय स्थिर राहत नाही.